उतरलेला टायर

अंकुशच्या सायकलला नवे टायर बसले तेव्हा काशीराम मिस्त्रीने उतरवलेले दोन्ही टायर कुणी न सांगताच बाजूला ठेवले. ते कुठे जाणार हे त्याला ठाऊक होतं. ज्या घरी दोन सायकली, त्या घरी रिवाज ठरलेला : नवा टायर पुरुषाला, उतरलेला बाईला.

"यातल्या एकाला चीर आहे वहिनी," काशीराम म्हणाला. "आतून गेटीस लावतो, जुन्या टायरचा तुकडा. पण फार भरवसा नाही."

अंकुश काही बोलायच्या आत त्याची बायको मनिषाच म्हणाली, "चालेल मला."

आता तुम्हीच बघा. अंकुश सकाळी एसटी स्टँडवर सायकलला कुलूप लावून बसने कचेरीला जाई आणि ते नवे टायर संध्याकाळपर्यंत सावलीत उभे राहत. मनिषाची सायकल मात्र उरण रस्त्यावर दिवसभर पळे. लेकीची, दिपाची बालवाडी, पिठाची गिरणी, रॉकेलचा डबा. कॅरियरवर पोर, हँडलला पिशव्या आणि अंगाला वारा घालत जाणारे न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर. कॉलेज शिकलेली बाई, पण नव्या टायरची गरज खरी कुणाला, हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

त्या दुपारी दिपाचा दमा उसळला. एरवी मनिषा रात्रीतून उठून लेकीच्या छातीला कान लावायची. घरघर कधी वाढते हे तिला आधी कळायचं. आज मात्र बघता बघता पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ काळपट दिसू लागले. चाळीत पुरुषमाणूस नाही, रस्त्यावर रिक्षा नाही. तिने दिपाला कॅरियरवर बसवलं, ओढणीने आपल्या कमरेला बांधलं आणि पॅडल मारायला सुरुवात केली.

थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज येऊ लागला. खट्... खट्... चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. तिने वळून पाहिलं. टायरच्या चिरेतून ट्यूबचा फुगा बाहेर आला होता आणि मडगार्डला घासत होता. उतरावं का? उतरून चालत गेलं तर डॉक्टरांकडे कधी पोचणार? पाठीला दिपाचा श्वास लागत होता, एकेक तुटक.

"आई... थांबू नको."

आणि टायर फुटला!

सायकल रस्त्याच्या मध्यभागी ओढली गेली. मागून ट्रेलरचा भोंगा कानठळ्या बसवत आला. मनिषाने सगळा भार डावीकडे टाकला आणि दोघी सायकलसकट कडेच्या मुरुमात पडल्या. ट्रेलर धुरळा उडवत निघून गेला. तिची कोपरं सोलली होती. दिपा रडतही नव्हती. रडायला श्वास लागतो.

समोरच्या थांब्यावर गुणाबाई बसली होती. गव्हाण गावची म्हातारी, आयुष्य मिठागरात गेलेलं. हल्ली चाळीत सुकट विकायला येई. ती टोपली टाकून धावली. तेवढ्यात एसटी आली, ती खचाखच भरलेली.

"जागा नाय, मागच्या गाडीनं या," कंडक्टरने दोरी ओढायला हात वर केला.

गुणाबाईने दाराचा दांडा धरला. "मागची गाडी तुजा बाप आनील? मी नाय येत या गाडीनं, माजी जागा हिला दे. चढ बाय. सायकल मी बगते."

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर दिपाचा श्वास हळूहळू मोकळा झाला. डॉक्टर मान वर न करता एवढंच म्हणाले, "आधी आणायला हवं होतं." मनिषा दिपाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. उशीर कशाने झाला ते कोणत्या तोंडाने सांगायचं?

निरोप मिळताच अंकुश स्टँडवरून सायकल घेऊन आला. झोपलेल्या दिपाला खांद्यावर घेऊन तिघं काशीरामच्या दुकानात पोचली. गुणाबाईने सायकल तिथवर ढकलत आणली होती. ती फाटका टायर मांडीवर घेऊन बसली होती.

"टायर तर परवाच बदलला ना?" अंकुशने विचारलं.

"तुमचा बदलला," मनिषा म्हणाली. "मला तुमचा उतरलेला मिळाला."

"अगं, मग सांगायचं होतंस."

"ती काय सांगल?" गुणाबाई मध्येच बोलली. "आमी मिठागरात जायचो. गड्यांना नवी चप्पल, आमच्या पायांत त्यांनी टाकलेल्या. मीठ आमच्याच डोक्यावर, पाय आमचेच फाटायचे. सासू म्हनायची, चालतंय. मी सुनंला म्हनले, चालतंय. कुनी कुनाला मारलं नाय, कोंडलं नाय. नुसतं चालतंय चालतंय. आज ही पोर जात व्हती तुमच्या चालतंयपायी."

"आजी, माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"मनात नव्हतंच रं बाबा. ध्यानातच नव्हतं."

अंकुशने वाकून फाटक्या टायरच्या चिरेवरून बोट फिरवलं. मग त्याने दिपाला मनिषाकडे दिलं आणि आपली सायकल पुढे ओढली.

"काशीराम, हिचा मागचा टायर काढा आणि मनिषाच्या सायकलला घाला."

"आणि तुमच्या? या मापाचा नवा माल आठवड्याने येईल."

"स्टँड काय लांब आहे? तोवर चालत जाईन."

काशीराम पाना शोधू लागला. मनिषाच्या ओठावर ते जुनं 'चालेल मला' आलंही होतं. खांद्यावर दिपाचा गरम श्वास सावकाश येत-जात होता.

"काशीरामभाऊ," ती म्हणाली, "ह्यांचा पुढचाही काढा."

वाचकहो, आपल्या घरात असा उतरलेला टायर कुणाच्या वाट्याला गेलाय, एकदा उठून बघा. चप्पल असेल, चष्मा असेल, औषधाची शेवटची गोळी असेल. नवी वस्तू मान बघून द्यायची नसते. कुणाच्या मागे ओझं आहे आणि कुणाच्या वाटेवर धोका आहे, ते बघून द्यायची असते. आणि बायांनो, विचारण्याआधीच 'चालेल' म्हणू नका. तुमच्या मागे कॅरियरवर कुणीतरी बसलेलं असतं.