धाकटा पुढे, थोरला मागे

उताराच्या तळाशी लाकडाच्या वखारीची भिंत आहे. बाबांची पिकअप त्या भिंतीला जाऊन टेकली, तेव्हा वेग इतका कमी होता की मागे बांधलेलं कपाट जागचं हललंसुद्धा नाही. बंपर थोडा आत गेला, भिंतीचा पोपडा पडला, वखारवाला बाहेर येऊन बघून हसला आणि आत गेला. एवढंच झालं. पण घरात दादासारखा माणूस असला की एवढ्यावर कधी भागत नाही.

दादा विमा कंपनीत होता. दिवसभर ठोकलेल्या गाड्यांचे फोटो पाहून पाहून त्याला रस्त्यावरची प्रत्येक गाडी ठोकायलाच निघालेली दिसे. त्याने येऊन खुंटीवरची किल्ली काढली, खिशात टाकली आणि सांगितलं, "बाबा, आता पुरे. तुमच्या पायात जोर राहिला नाही."

बाबा सुतार. पिकअप त्यांच्या दोन्ही मुलांपेक्षा वयाने मोठी, म्हणून तिला सगळे म्हातारी म्हणत. दारं, चौकटी, कपाटं स्वतः करायची आणि म्हातारीत घालून स्वतःच पोचवायची, हा बाबांचा शिरस्ता. आपलं कपाट दुसऱ्याच्या टेम्पोतून पाठवायचं तर त्यापेक्षा ते केलंच नाही तर बरं, असं त्यांचं मत. म्हणजे किल्ली गेली की काम गेलं. आणि आई गेल्यापासून हा माणूस कामाच्या आधाराने उभा होता, हे धाकटीला चांगलंच ठाऊक होतं.

धाकटी म्हणजे दादाची बहीण. चौकात तिचं गॅरेज होतं. ती म्हणाली, "पायाचं नंतर बघू. आधी मी ब्रेक बघते."

"ब्रेकला काय धाड भरलीय?" बाबा उखडले. "मी स्वतः पुढच्या चाकांचे लायनर बदललेत. माझ्या कामात खोट निघाली तर मिशी उतरवून देईन."

"ऐकलंस?" दादा म्हणाला. "ब्रेक चांगले आहेत, ते स्वतःच सांगतायत. मग उरलं काय? पाय."

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात, ते हेच. आणि इथे तर भांडण पायाचंच होतं.

शेवटी असं ठरलं की ब्रेकमध्ये दोष निघाला तर किल्ली परत, नाही निघाला तर म्हातारी विकायची. धाकटीला दादाचा राग आला होता, पण जाता जाता तो जे बोलला ते खोटं नव्हतं. "भिंत होती म्हणून भागलं. सकाळी तिथे शाळेची पोरं उभी असतात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने दादाकडून किल्ली मागून घेतली आणि म्हातारी हळूहळू गॅरेजपर्यंत आणली. वाटेत दोन-चारदा ब्रेक दाबून पाहिला. पेडल कडक लागत होतं. गाडी डावीकडे ओढत नव्हती, उजवीकडे ओढत नव्हती. फक्त थांबते, थांबते म्हणत पुढेच जात होती.

आधी तिने ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायला घेतली. त्यासाठी कुणाला तरी पेडल दाबावं लागतं, म्हणून बाबांना गाडीत बसवलं आणि स्वतः बाटली घेऊन चाकापाशी आडवी झाली.

"दाबा. धरून ठेवा. सोडू नका."

तिने बोल्ट जरा सैल केला आणि तेलाची चिळकांडी अशी आली की बाटली उलटली आणि तिची बाही भिजली. हवेचा एक बुडबुडा नव्हता. बाबांच्या पायात मात्र अजून भरपूर जोर होता. तिला बरं वाटलं, आणि लगेच काळजीही वाटली. पाय ठीक, तेल ठीक, मग गाडी थांबत का नाही?

तिने पुढचं डावं चाक काढलं आणि चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम उतरवला. आतलं काम पाहून कुणीही मान डोलावली असती. सगळं स्वच्छ, तेलाचा डाग नाही, स्प्रिंगा जागच्या जागी. मग तिने उजवं उघडलं. तिकडेही तसंच, तंतोतंत.

"बघ. सांगितलं होतं," स्टुलावरून बाबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. जेवणाच्या सुटीत आलेला दादा दाराशी उभा होता.

धाकटी मात्र लायनरकडे बघत राहिली होती. ड्रममध्ये चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लायनर समोरासमोर असतात. या गाडीत एकावरची पट्टी आखूड आणि दुसऱ्यावरची लांब. आखूड पट्टीचा पुढे बसवायचा. तो फिरत्या ड्रमला आधी धरतो आणि मागच्याला रेटतो, मग खरा जोर लांब पट्टीचा लावतो. इथे लांब पुढे होता आणि आखूड मागे. आखूड पट्टी झिजून संपत आली होती आणि लांब पट्टीचा कोरेपणाही नीट गेला नव्हता. दोन्ही चाकांत हाच प्रकार, म्हणून गाडी कुठल्या बाजूला ओढत नव्हती आणि कुणाला संशय आला नव्हता.

हे कसं झालं असेल, तेही तिला कळलं. एका वेळी एकच चाक उघडायचं आणि अडलं तर दुसऱ्यात बघायचं, हा बाबांचा नियम. तिला हे काम शिकवताना त्यांनी पहिल्यांदा हाच सांगितला होता. डावं चाक चुकलं, मग उजव्याच्या वेळी त्यांनी डाव्यात पाहिलं आणि चूक इमानाने उतरवून घेतली.

ती उगाचच फडक्याला हात पुसत बसली. सांगितलं तर किल्ली परत मिळणार होती. पण मग बाबांच्या हातचं काम चुकलं हे बाबांसमोर म्हणावं लागणार होतं, आणि दादा म्हणाला असता, पाय नाही तर डोकं गेलंय.

"बाबा, हे बसवताना जवळ कोण होतं?"

"कोण असणार? एकटाच होतो."

मग तिला जुनं ते दृश्य आठवलं. अंगणात उलटं घातलेलं खोकं, त्यावर बसलेली आई, एका हातात बॅटरी. बाबा गाडीखालून नुसता हात पुढे करायचे आणि आई त्यात एकेक वस्तू ठेवायची. लायनर देताना दर वेळी तेच म्हणायची. रस्ता ओलांडताना दोन्ही मुलांनाही ती तेच सांगायची, आणि मागे राहावं लागतं म्हणून दादा फुरंगटायचा.

"धाकटा पुढे, थोरला मागे," धाकटी म्हणाली.

दाराशी दादाने चटकन वर पाहिलं.

बाबा स्टुलावरून उठले आणि चाकापाशी उकिडवे बसले. आधी झिजलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं, मग कोऱ्या पट्टीवरून.

"ती द्यायची, मी बसवायचो," ते म्हणाले. "कुठला कुठे जातो हे मी कधी बघितलंच नाही. मला वाटायचं, मला येतं."

धाकटीला रडू आलं. तिने ते आवरलं नाही.

आता दादाला हवं ते बोलता आलं असतं. पण त्याने ऑफिसच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, कोपऱ्यातलं खोकं ओढलं, त्यावर बसला आणि फळीवरची बॅटरी घेतली. धाकटी डोळे पुसून कामाला लागली. ड्रम शेजारच्या लेथवर नेऊन आतून साफ करून आणले, नव्या लायनरचे दोन जोड काढले. बाबांनी हात पुढे केला.

"धाकटा पुढे," दादा म्हणाला आणि आखूड पट्टीचा लायनर त्यांच्या हातात ठेवला. "थोरला मागे."

उजव्या चाकाच्या वेळी बाबांनी डाव्यात डोकावलं नाही. नुसता हात पुढे केला.

ड्रम चढवल्यावर धाकटी चाक हाताने फिरवून पाहत होती आणि लायनर हलकेच घासल्याचा आवाज येईपर्यंत आतली चकती आवळत होती. मग बाबांनी सपाट रस्त्यावर हळूहळू ब्रेक लावत चकरा मारल्या, नव्या पट्ट्या ड्रमशी जुळाव्यात म्हणून. त्यानंतर तिघं उतारावर गेले. मधे धाकटी, कडेला दादा.

वखारीच्या कितीतरी अलीकडे बाबांनी ब्रेक दाबला. म्हातारी जागच्या जागी थांबली आणि दादाने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

"किल्ली राहू दे तुमच्याकडेच," तो जरा वेळाने म्हणाला. "पण मिशीचं काय?"

"ती तुमच्या आईला आवडायची. तिला हात लावायचा नाही."

दादा हसला. बाबांनी गाडी बंद केली होती, ती पुन्हा सुरू केली नाही. समोर भिंतीवर पोपडा उडालेली जागा दिसत होती.

"हे लायनरही कधीतरी झिजतील," ते म्हणाले. "तेव्हा दोघंही या. मला एकट्याला ते जमत नाही."