तुळईखालचा हंगाम

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. त्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचं नेमकं उलटं होतं. अंगण वाकडं असेल तरच त्या पोरांना नाचता येई.

त्यांचा हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. पोती उचलायची कप्पी जिच्यावरून सरकायची, अशी एकेक लोखंडी तुळई दोन्ही रिंगांच्या अलीकडे आडवी गेलेली. गोदाम गेलं, पोती गेली, तुळया राहिल्या. चेंडू नेहमीसारखा उंच फेकला की ठण्ण! आणि तुळईला लागलेला चेंडू समोरच्या संघाला, असा तिथला नियम. त्यामुळे इथली पोरं चेंडू तुळईच्या खालून, सरळ, भिंतीवरच्या पालीला चप्पल फेकून मारावी तसा मारायला शिकली होती. बोर्डावर आपटून तो बरोबर रिंगमध्ये पडे. पाहुणे संघ मात्र बोहारणीच्या टोपलीसारखा ठणठणाट करून परत जात.

बाहेरगावी गेलं की सगळं उलटं. डोक्यावर मोकळं छप्पर असूनही ही पोरं सपाटच मारत, आणि समोरचे लांब हातांचे गडी तो चेंडू वाटेतच काढून घेत, दोरीवरचे वाळलेले कपडे काढावेत तसा. घरात वाघ, बाहेर मांजर.

हे लोढणं गणिताच्या बाईंच्या गळ्यात पडलं ते खेळाच्या सरांचा पाय मोडला म्हणून. पहिल्या सामन्याला बाई तपासायचे पेपर घेऊन गेल्या. पुढे पुढे पेपर घरीच राहू लागले, आणि "अहो पंच, ते डोळे आहेत की बटणं?" असं ओरडणारी ती आपलीच बाई का, याची स्टाफरूममध्ये चर्चा सुरू झाली.

हॉलवर हेडक्लार्कचा डोळा होता. मोडकी बाकं ठेवायला त्याला जागा हवी होती. प्राचार्यांनी तोडगा काढला: साखळीत पहिल्या दोघांत आलात तर हॉल तुमचा, नाहीतर बाकांचा. हंगाम संपत आला तेव्हा हिशेब सरळ उरला. शेवटचा सामना जिंकला तर दुसरा नंबर, हरला तर बाकं. समोर होतं वर्षभरात कुणाकडूनही न हरलेलं कॉलेज. पण सामना घरच्या हॉलमध्ये!

"बाई, तुम्ही निवांत झोपा," कॅप्टन म्हणाला. त्याला सगळे जिराफ म्हणत. "आपली तुळई आहे ना!"

आणि नेमकं प्राचार्यांना कौतुकाचं भरतं आलं. त्यांनी रंगकामाच्या नावाखाली हॉल बंद ठेवला. उघडला तेव्हा पोरं आत शिरली, वर बघितलं आणि बघतच राहिली.

"सर, तुळया?" जिराफाने वर बोट दाखवलं.

"काढून टाकल्या!" प्राचार्य लग्नघरातल्या यजमानासारखे हसले. "किती अडचण व्हायची तुम्हाला! तरी एवढं जिंकलात. आता बघू, कोण अडवतं!"

"परत... परत बसवता येतील का?" संघातल्या सगळ्यात बुटक्या पिटुकल्याने विचारलं.

"अरे, संकोच कसला करतोस! भंगारवाला घेऊनसुद्धा गेला."

पोरांनी उंच फेकून पाहिलं. पहिला चेंडू बोर्डावरून पलीकडे गेला. दुसरा खिडकीत. तिसरा, बाकं कशी मावतील ते टेपने मोजत असलेल्या हेडक्लार्कच्या टाळूवर. हंगामात एवढा अचूक नेम कुणाचाच लागला नव्हता.

घरी बाई जेवायला बसल्या. तेवढ्यात सासरे स्वयंपाकघरात आले, दारात कमरेत वाकून. माणूस उंच, आणि आधी राहायचे त्या जुन्या घराची दारं ठेंगणी होती.

"अहो, सरळ या की!" सासूबाई म्हणाल्या. "या घरात येऊन केवढी वर्षं झाली! दारातून उंट जाईल."

"डोकं शाबूत आहे ना माझं? मग वाकण्यात काय गेलं?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. "मामंजी, दार उंच आहे हे ठाऊक असूनही वाकता?"

"ठाऊक डोक्याला असतं गं. पाठीला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी पोरांना रिंगखाली उभं केलं. "तुळई आहे."

"कुठे?"

"होती तिथेच. वर बघायचं नाही. कोणी उंच मारला तर घरी पाठवीन."

"पण बाई, ते तर उंचच मारणार! हरलो तर?"

"तर बाकं मी स्वतः वाहून आणीन. पण चार दिवसांत नवा हात फुटत नाही कुणाला. आहे त्याच हाताने खेळा."

सामन्याला पाहुणे आले ते माना खाली घालून, उधारी थकवल्यासारखे. मागे त्यांचे ढेरपोटे सर ओरडत होते, "वर बघायचं नाही! वर बघितलंत की घाबरलात!"

त्यांचा सगळ्यात उंच गडी चेंडू घेऊन रिंगपाशी आला, गुडघ्यात वाकला आणि त्याने सपाट मारला. चेंडू बोर्डावर आपटून त्याच्याच कपाळावर आला. बाईंना वाटलं, पाय घसरला असेल. पण दुसराही वाकला. मग तिसरा.

मध्यंतरात पिटुकला धावत आला. "बाई! यांनी आपल्या हॉलमध्ये आडवे बांबू बांधून सराव केलाय! मुद्दाम आपल्यासाठी! आणि त्यांच्या सरांनी वर बघायला बंदी केलीय!"

बाईंनी हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला. छप्पर काही कुणी झाकून ठेवलं नव्हतं.

मग सगळा हॉल पाहत होता: दहा धडधाकट पोरं नसलेल्या तुळईखाली वाकून वाकून खेळतायत. पण पाहुणे काही कच्चे नव्हते. त्यांना ते जमू लागलं. शेवटची काही सेकंद उरली तेव्हा ते एका गुणाने पुढे होते. चेंडू जिराफाच्या हातात, आणि समोर पाच जणांची भिंत. बाईंना बाकं दिसू लागली.

त्याच वेळी त्यांच्या सरांनी घाम पुसायला मान मागे टाकली. "आं? तुळई कुठाय?" आणि ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "अरे, वर बघा! वर बघा रे!"

पाच आज्ञाधारक पोरांनी एकदम वर बघितलं.

आपल्या पोरांना मात्र वर बघायची बंदी होती. जिराफ दोन माना टाळून पुढे झाला आणि त्याने पालीला मारावा तसा चेंडू मारला. बोर्ड, रिंग, शिट्टी.

"तक्रार आहे!" सर पंचांवर धावले. "इथे तुळई नव्हती!"

"अडथळा होता अशी तक्रार मी ऐकलीय," पंच म्हणाले. "नव्हता अशी आजच ऐकतोय."

प्राचार्य हार घेऊन आले. "बघा, म्हटलं नव्हतं? तुळया काढल्याचा परिणाम!"

जिराफाने तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या बुटावर पाय दिला. "अगदी खरं, सर. पण सवय राहायला पुढच्या हंगामाआधी दोन बांबू बांधून मिळतील का?"

त्या संध्याकाळी बाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि मामंजींकडे बघत चांगल्या कमरेत वाकून आत शिरल्या.

"झालं," सासूबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या. "सुनेलाही लागण झाली."