चार बोटं कॉलर

"पण एवढी उंच का, मावशी? मान अवघडत नसेल?"

भाचीने कॉलरचा कागदी बेत स्वतःच्या गळ्याशी धरला आणि आरशात पाहिले. मावशी खाली जमिनीवर बसून तिच्या नव्या स्कर्टची दुमड घालत होती. तोंडातल्या टाचण्या एकेक करून कापडात गेल्यावर ती म्हणाली, "अवघडते की. म्हणून तर ऐटदार दिसते. आरामात बसलेली बाई कधी ऐटदार दिसलीय का तुला?"

भाचीने हसून ते वाक्य वहीत उतरवले. ती एका मासिकात उमेदवारी करत होती. तिथे विशेषांक निघायचा होता. जुन्या पडद्यावरच्या आणि गाण्यातल्या देखण्या बायका, त्यांचे कपडे, त्यांचे केस, आणि त्यातले आजच्या मुलींनी काय उचलावे. इतरांच्या वाट्याला आलेल्या नायिका कधीच वारल्या होत्या. भाचीच्या वाट्याला बाई आल्या होत्या, आणि बाई अजून होत्या. एके काळी या गाणाऱ्या नायिकेचे चित्र दुकानादुकानांत लागलेले असे. मागे ओढून बांधलेले केस, कानांत एकेक मोती, आणि हनुवटीला भिडणारी ताठ कॉलर. त्या कॉलरची पहिली टीप मावशीने घातली होती.

बावीस वर्षे मावशी बाईंची शिंपीण होती. तोंडात सदा टाचण्या, म्हणून बाई तिला टाचणीच म्हणत. पुढे बाईंनी चित्रपट सोडले, तरी दर दुसऱ्या गुरुवारी मावशी त्यांच्याकडे जाई, एखादे बटण लावी, सैल झालेला कपडा आत घेई, मग दोघी चहा पीत. लग्न तिने केले नाही. बहीण गेली तेव्हा तिची नऊ वर्षांची मुलगी घरी आली, तेवढाच संसार.

"उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं कापड, आत कडक अस्तर, मागे अडकवायला चार आकडे," मावशी सांगत होती. "उंची चार बोटं. पण माझी हं, बाईंची नव्हेत. त्यांची बोटं म्हणजे शेवग्याच्या शेंगा. त्यांच्या बारीक बोटांच्या मापानं गेलं असतं तर कॉलर निम्म्या गळ्यावरच थांबली असती."

"पण सुचली कशी?"

मावशीने हातातली टाचणी कापडात खोचली. एक्केचाळीस वर्षे ती या प्रश्नाला गप्पच राहिली होती. पण समोर पोटच्या पोरीसारखी पोर होती, आणि इतके मन लावून तिचे कोणी ऐकून फार दिवस झाले होते.

"छापायचं नाही. शपथ घे."

"तुझी शपथ, मावशी."

मग तिने सांगितले. बाईंच्या गळ्यात गाठ झाली होती. कोणाला पत्ता न लागू देता दुसऱ्या गावी जाऊन त्यांनी ती कापून घेतली, आणि गळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वण राहिला. गाणारीच्या गळ्यावर सुरी फिरली हे निर्मात्यांना कळते, तर पुन्हा कोणी दारात उभे केले नसते. चित्रीकरण आठ दिवसांवर आले होते. बाई पलंगावर बसून होत्या, आणि हुंदका दिला की टाके ओढत, म्हणून रडायचीही चोरी. मावशीने त्यांच्या गळ्यावर अलगद चार बोटे ठेवून माप घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॉलर उभी केली.

"सहा महिन्यांत गल्लीबोळातल्या बायका कॉलरी घालून फिरायला लागल्या गं! उन्हाळ्यात घामाच्या धारा, पण मान ताठ. बाई गाडीतून बघायच्या आणि मला चिमटा काढायच्या. 'टाचणे, अख्ख्या शहराला मानेचं दुखणं लावलंस!'"

हसता हसता मावशी डोळे पुसू लागली. भाचीची वही मिटलेली होती. मावशीने ते पाहून ठेवले होते.

अंक निघाला तेव्हा भाचीने तो स्वतः आणला, फुलांच्या गुच्छासकट. मावशीने चष्मा लावला. मथळा होता, 'कॉलरीआडचा वण'. गाठ, दुसरे गाव, टाके, सगळे होते. पलंगावरचे न रडणेसुद्धा होते.

"तू माझी शपथ घेतली होतीस."

"अगं, पण वाईट काय लिहिलंय? वाचणारे म्हणतायत, केवढी धीराची बाई! आणि हे बघ, तुझं नाव. सगळा जन्म पडद्यामागं काढलास, मला वाटलं निदान एकदा तरी लोकांना कळू दे."

"मला विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस." मग भाचीचा आवाज उतरला. "संपादक म्हणाले, अस्तर नि आकडे कोण वाचतंय? मला कायम केलंय, मावशी. कालच पत्र मिळालं."

मावशीने अंक घडी घालून खाली ठेवला. "लोक केसानं गळा कापतात म्हणे. तू तर आधीच कापलेला गळा पुन्हा कापलास, पोरी."

तो गुरुवार तिचा नव्हता, तरी ती बाईंकडे गेली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सने दार अर्धवट उघडले. "झोपल्यात त्या."

आतून आवाज आला, "कोण आहे गं?" जाडा, ओळखीचा आवाज. शस्त्रक्रियेनंतर तो असा झाला होता, आणि लोकांना तोच जास्त आवडला होता.

"टाचणी आलीय म्हणून सांगा," मावशी म्हणाली.

नर्स आत गेली. मग एक खण ओढल्याचा आवाज झाला. नर्स परतली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. "बाई म्हणतात, या नावाच्या कोणाला त्या ओळखत नाहीत. आणि हे तुम्हांला द्यायला सांगितलंय." नर्सला त्यातली विसंगती कळली असावी, कारण तिने खाली पाहिले. पिशवीत मावशीची तिथे ठेवलेली कात्री, मापाची फीत आणि शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान होते. फीत नीट गुंडाळून तिला सुतळी बांधलेली होती.

रविवारच्या वर्तमानपत्रात बाईंचे निवेदन आले. माझे कपडे मीच बेतले. अशी कोणी शिंपीण माझ्याकडे नव्हती. म्हातारपणी माणसांना भास होतात. मासिकाने जाहीर माफी मागावी. मावशीने 'नव्हती' या शब्दावर बोट ठेवले आणि पुष्कळ वेळ ते तिथेच राहू दिले. बावीस वर्षांचे गुडघे त्या घराच्या फरशीवर झिजले होते.

सोमवारी संपादक भाचीला घेऊन मावशीकडे आले. सभ्य गृहस्थ होते, बूट बाहेर काढून आले.

"हे बघा, त्यांनी तुम्हांला खोटं पाडलंय. आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. एखादा पुरावा द्या, एकदा छापला की त्यांचं तोंड बंद."

"बेताचे कागद आहेत, मी पाहिलेत," भाची म्हणाली. "मावशी, काढ ना."

मावशीने कागदांची गुंडाळी आणून संपादकांपुढे उलगडली. त्यांचा चेहरा खुलला.

"हे त्या काळी कुठल्याही शिंपिणीकडे मिळतील," मावशी म्हणाली. "सगळ्याच त्यांचे चित्रपट बघून उतरवायच्या. मीही उतरवले."

"म्हणजे?"

"मी शाळेचे गणवेश शिवायचे. बाईंकडे मी कधीच नव्हते. ही लहानपणी आईसाठी रडायची, तेव्हा हिला मोठ्या बायकांच्या गोष्टी रचून सांगायचे. हिला त्या खऱ्या वाटल्या. हिचा दोष नाही."

"आणि ती शस्त्रक्रिया?"

"तीही गोष्टच."

"लिहून द्याल?"

"द्या कागद."

तिने सावकाश, स्वच्छ अक्षरात लिहून दिले आणि सही केली. संपादकांनी घडी खिशात घातली, भाचीला म्हणाले, "उद्या सकाळी मला भेट," आणि खाली उतरले.

भाची भिंतीला टेकून उभी होती. "त्या बाईनं तुला भरल्या जगात नाकारलं. आणि तिच्यासाठी तू माझ्या पोटावर पाय आणलास?"

"तिच्यासाठी नाही गं." मावशी कागद पुन्हा गुंडाळत होती. "तोंड मी उघडलं होतं. मिटायचं कोणी?"

भाचीने पर्स खांद्याला लावली आणि उंबऱ्यावर चपला चढवल्या. घरातून निघताना माणसाने 'येते' म्हणायचे, 'जाते' कधी म्हणायचे नाही, हे मावशीनेच तिला शिकवले होते.

"जाते मी," ती म्हणाली.

मावशी दार धरून उभी राहिली. तीन मजले उतरून चपलांचा आवाज रस्त्यावर मिसळला, तेव्हा तिने दार हळूच लोटले. कडी मात्र घातली नाही.