बादलीची लेंगी

त्या फाल्गुनात आमच्या भागातला पळस असा पेटला होता, की तालुक्याहून आगीचा बंब निघाला. बंबवाल्यानं जंगलाच्या कडेला गाडी लावली, पाइप सोडला, तास-दोन तास फुलं धुतली. अन् वाहून आलेल्या केशरी पाण्यात खालच्या गावानं होळीआधीच रंग खेळून घेतला. ज्याला पटत नसेल त्यानं येऊन माझा पांढरा सदरा पाहावा. अजून केशरी आहे.

अशा बहरात एकच माणूस कोरडा होता. रूपसिंग राठोड.

दिग्रसहून पुसदला जाताना सागाच्या टेकडीखाली एक तांडा लागतो. रूपसिंग त्या तांड्याचा लेंगी बांधणारा. लेंगी म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं. डफावर, गोल धरून, नाचत म्हणायचं. मी एस.टी.त कंडक्टर होतो तेव्हापासूनचा आमचा दोस्ताना. एकदा माझी गाडी तांड्याजवळ बंद पडली. रूपसिंगनं डफ घेतला अन् प्रवाशांनी त्या तालावर गाडी ढकलत ढकलत थेट दिग्रसला नेली. स्टँडवर पोचल्यावर ड्रायव्हरच्या ध्यानात आलं, की इंजिन मागंच राहिलं.

पण गेल्या काही होळ्यांपासून त्याचा डफ खुंटीवर होता. पोरं स्पीकरवर नाचायला लागली, जुन्या लेंग्या मोबाइलमध्ये जाऊन बसल्या, अन् रूपसिंगला नवीन काही सुचेना. विचारलं तर म्हणायचा, "डोक्यातली बोरवेल आटली, फकिराभाऊ."

तेही चाललं असतं. पण त्या साली त्याच्या घरी नात झाली.

बंजाऱ्यांत होळीला धुंड करतात. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला, त्या घरी धुळवडीच्या दिवशी सारा तांडा जमतो. लेकराच्या डोक्यावर आडवी काठी धरून त्यावर काठ्या वाजवतात, आशीर्वाद म्हणतात, लेंगी गातात. मुलगा झाला तर. रूपसिंगची सून दीपा पुसदला शिकलेली पोरगी. ती सासऱ्यासमोर उभी राहिली अन् म्हणाली, "बापू, माह्या पोरीची धुंड करा."

रूपसिंग तिला घेऊन नायकाकडे गेला. नायक तांड्याचा मुख्य, भला माणूस, पण पेचात पडला. "करायले माही ना नाही, रूपसिंग. पण म्हणशीन काय? साऱ्या लेंग्या पोराच्या हायेत. पोरीच्या डोक्यावर पोराचं गाणं म्हणावं का? तू नवीन बांध, आपण धुंड करू. गाणं नाही तं धुंड नाही."

"बांधतो," रूपसिंग बोलून गेला. अन् घरी येऊन डोकं धरून बसला.

मग त्याचे उपाय सुरू झाले. पळसाखाली बसून झालं, नाल्यातल्या गोट्यावर बसून झालं. आंब्याचा मोहर हुंगायला चढला तर लाल मुंग्यांनी असा नाचवला, की नाच तयार झाला, गाणं राहिलं. त्याची बायको जमनी येता-जाता टोमणे मारी. "झाडाखाली बसल्यानं गाणं पडते का? ते काय मोहफूल हाये?"

होळी तोंडावर आली तसा रूपसिंग एका सकाळी मला म्हणाला, "भाऊ, मी नायकाले सांगतो, नाही जमलं. सुनेले तोंड कसं दाखवू तेवढं सांगा."

"आधी मोहाखाली चाला," मी म्हटलं. "चहा घेऊ, मंग मरा."

मोहाखाली जमनी अन् दीपा फुलं वेचत होत्या. खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली होती अन् तिच्यात नात झोपली होती. वाऱ्याची झुळूक नाही, तरी फुलं पडत होती. टप. टप टप. टप. रूपसिंग बुंध्याला टेकून बसला. तोंड असं, जसं कोणी बैल चोरून नेला.

मी चहाचा घोट घेतला अन् सहज म्हटलं, "तुमच्या साळ्यानं तं बांधली म्हणते पोरीची लेंगी."

रूपसिंग ताठ झाला. जमनीचा भाऊ उकंडा महागावकडच्या तांड्यात लेंगी बांधतो. या दोघांची तीस वर्षांची चढाओढ. एकानं मोरावर गाणं केलं की दुसरा लांडोर आणणार.

"उकंड्यानं? तुमाले कोणं सांगितलं?"

"काल बजारात भेटला त्याच्या तांड्याचा माणूस. गाऊनच दाखवली त्यानं." बाजारात मी गेलोच नव्हतो. पण तोंड उघडलं होतं, आता काहीतरी निघणं भाग होतं. मी घसा खाकरला अन् सूर लावला:

"पोरगी झाली हो, पोरगी झाली,
घरात जशी नवी बादली आली!"

फुलं वेचता वेचता दीपा थांबली. रूपसिंगचे डोळे मोठे झाले.

"बादली?"

"आली-झाली जुळते ना."

"म्हून काय बादली? लेकरू हाये का नळावरचा नंबर? त्या उकंड्याले लाज नाही वाटली?"

"त्याच्याकडे नवीन नळ आले, त्याचा परिणाम असन," मी म्हटलं.

"पोरगी अशी येते का, खण्णकन?" रूपसिंग उठून उभा राहिला. "ती तं..." अन् तेवढ्यात झोळीवर एक फूल पडलं. टप. पोरगी जागी झाली, पण रडली नाही. फुलाकडे पाहत राहिली. रूपसिंगही पाहत राहिला. मग त्यानं जमनीची टोपली उपडी केली, वेचलेली फुलं सगळी भुईवर सांडली, अन् टोपलीच्या बुडावर बोटं मारायला लागला. टप. टप टप. टप.

"अवं माही फुलं!" जमनी ओरडली.

त्याला ऐकू येत नव्हतं. तो त्याच्या बोलीत गात होता. मी आपल्या भाषेत सांगतो:

"कोणी झाड हलवलं नाही,
कोणी काठी मारली नाही,
सकाळी उठून पाहतो तं
अंगण फुलांनी भरलं."

त्याच्या हाताला जणू वाट सापडली होती. दुसरं कडवंही आलं, पण तिसऱ्यापाशी बोटं थांबली. म्हणून मी पुन्हा उकंड्याला कामाला लावला:

"पोरगी चढली एस.टी.त,
तिकीट धरलं मुठीत!"

"छ्या! छ्या! छ्या!" रूपसिंगनं टोपली आपटली अन् तिसरं कडवं रागाच्या भरातच बांधून टाकलं.

जमनी माझ्याकडे रोखून पाहत होती. हळूच म्हणाली, "माह्या भावानं जनमात कधी तिकीट नाही काढलं. हे कंडक्टरचं गाणं हाये."

"वहिनी," मी म्हटलं, "फुलं वेचा."

बंजाऱ्यांची होळी पहाटे पेटते. त्या दिवशी उजाडता उजाडता मी तांड्यात पोचलो, अन् काय पाहावं! ऑटोतून उकंडा उतरत होता. भाचसुनेच्या लेकीची धुंड, मामा येणारच. मी आल्या पावली मागं फिरलो, पण जमनीनं माझा सदरा धरला. तोच, केशरी. "कुठं चालले भाऊजी? आता ऐका."

नायकाच्या अंगणात सारा तांडा गोल उभा होता. दीपा मधोमध पोरीला मांडीवर घेऊन बसली, डोळे सासऱ्यावर. रूपसिंगनं डफ शेकून आणला होता. तो म्हणाला, "नायक, खरं सांगतो. मूळ लेंगी माह्या साळ्याची हाये. त्यात बादली होती. मी ती काढून टाकली."

उकंडा इकडेतिकडे पाहायला लागला. "कोणती बादली, दाजी?"

"तुही पोरीची लेंगी!"

"मी तं दोन वर्सांपासून एक ओळ नाही बांधली," उकंडा म्हणाला, अन् मान खाली घातली. "मले सुचूनच नाही राह्यलं."

रूपसिंगनं हळूहळू मान वळवली. मी माझ्या चपलेचा अंगठा किती झिजला ते पाहत होतो.

"मंग..." रूपसिंग स्वतःशीच बोलला, "हे सारं माह्यंच हाये?"

"कोणाचं का असेना," नायक म्हणाला, "गाणं हाये का नाही?"

"हाये!" रूपसिंगनं डफावर असा हात मारला, की टेकडीवरचे सारे साग एकदम वळून पाहायला लागले. पोरीच्या डोक्यावर काठी आडवी धरली गेली, तिच्यावर काठ्या वाजायला लागल्या. टप. टप टप. टप. पहिलं कडवं पुरुषांनी उचललं, दुसऱ्याला बाया आल्या. तिसऱ्याला दीपाचा आवाज सगळ्यांच्या वर होता, अन् तिच्या गालावरून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलंही नाही. स्पीकरवाल्या पोरांनी स्पीकर बंद केला. चौथं कडवं नव्हतंच. ते उकंड्यानं तिथल्या तिथं जोडलं, अन् रूपसिंगनं तोंड वाकडं केलं, पण डफ थांबवला नाही.

मला शिक्षा झाली. पळसाच्या पाण्यात आंघोळ घालून रिंगणात उभं केलं अन् बादली म्हणायला लावली. धुंडीतली पोरगी इतका वेळ गंभीर बसली होती. ती बादलीला खदखदून हसली. दोन महिन्यांची होती, पण विनोद कळत होता.

संध्याकाळी ऑटोत बसता बसता उकंड्यानं मला बाजूला घेतलं.

"फकिराभाऊ," तो कानाशी पुटपुटला, "पुढच्या सालासाठी दाजी काय बांधून राह्यला, काही कानावर आलं का?"

रूपसिंग तर अजून अंगणात डफ पुसत बसला होता.

"आलं ना," मी म्हटलं, अन् घसा खाकरला.