काचेतला पंजा

खिडकी पुसून पुसून तिचा दंड भरून आला, पण धुकं काही हलेना. आतून पुसलं, गॅलरीत जाऊन बाहेरून पुसलं, व्हिनेगर लावलं, जुन्या वर्तमानपत्राने घासून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी फडकं खांद्यावर टाकून ती खुर्चीत टेकली, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मळ आतल्या बाजूला नव्हता, बाहेरच्याही नव्हता. तो मध्ये होता.

बैठकीच्या खोलीची ती खिडकी दुहेरी काचेची. दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी, चारी कडांनी सील करून टाकलेली, म्हणजे थंडी बाहेर राहावी आणि ऊब घरात. आता ते सील कुठेतरी म्हातारं झालं होतं, पोकळीत दमट हवा शिरली होती आणि पहाटेच्या गारठ्यात तिथे बाष्प धरत होतं. आतून हात पोचत नाही, बाहेरून पोचत नाही, अशा जागी.

ही काच तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बनवलेली. अशाच काचा बनवणाऱ्या कारखान्यात तो मुकादम होता. काच धुऊन निघाली की तिला उघडं बोट लावायचं नाही, हा त्याचा नियम, आणि नियम म्हणजे काय, काळ्या दगडावरची रेघ. लांबून कुणाचं बोट टेकलेलं दिसलं तरी तो नुसतं "बोट" म्हणायचा. एवढा एकच शब्द, पण अख्खा कारखाना गार. पोरांनी त्याचं नावच पाडलं होतं, बोटमास्तर.

बरं, कारखान्याचं कारखान्यात ठेवावं की नाही? नाही. घरीही तेच. खिडकी, आरसा, कपाटाचं दार, कशालाही बोट लावायचं नाही, फडक्याने धरायचं. लग्न झाल्यापासून ती फडकं खांद्यावर टाकूनच घरात वावरली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मागचा हिवाळा सरता सरता मास्तर गेला, पण खोड मात्र तिच्या खांद्यावर ठेवून गेला. एरवी बोलायचा तोलून मापून. जेवण छान झालं असेल तर आणखी वाढून घ्यायचा, त्यातच काय ते समजायचं.

धुकं धरायला लागलं आणि काही दिवसांनी एका सकाळी त्या धुक्यात पंजा दिसला.

चहाचा कप हातात तसाच राहिला तिच्या. दोन काचांच्या मध्ये, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला, कधीकाळी कुणीतरी हात टेकला होता, आणि तेवढ्या जागी बाष्प वेगळं धरलं होतं. तळवा, अंगठा, तीन बोटं. करंगळीच्या जागी नुसता बुंधा, तिकडे धुकं नीट धरत नसेल. बंद काचेच्या आत हात कुणाचा असणार? ज्याने ती बंद केली त्याचा. जन्मभर दुसऱ्यांची बोटं मोजली आणि स्वतःचा अख्खा पंजा आत विसरला. ती हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि मग तिला रडू आवरेना.

तेव्हापासून रोज सकाळी तिची खुर्ची खिडकीशी. पंजा जरा लहान वाटायचा, पण काचेत दिसतं त्याचा काय भरवसा. ती बोलायला लागली. "अहो, मोरीचा नळ पुन्हा गळतोय." "अहो, वरच्या मजल्यावरची माणसं जागा सोडून गेली, आता जिन्यात चिटपाखरू नसतं." तो जिवंतपणी तरी कुठे उत्तर द्यायचा? त्यामुळे संसार पूर्वीसारखाच चालला होता म्हणा ना. ऊन वर आलं की धुकं विरायचं आणि पंजाही जायचा, कामावर गेल्यासारखा. मग मात्र दिवस खायला उठायचा. संध्याकाळी दिवा लावला तरी घर उजळायचं नाही आणि ती सकाळ व्हायची वाट बघत पडून राहायची.

पंजाला तिने कधी हात लावला नाही. काचेला बोट लावायचं नसतं.

लेक दुसऱ्या शहरात. ती चार दिवस राहायला आली, आईचा खोकला ऐकला, खिडकीच्या कडेची ओल पाहिली आणि फर्मान काढलं, "आई, ही काच बदलायची."

"राहू दे गं. माझं काय अडलंय त्यावाचून?"

"ओलीत बसून बसून छातीत कफ साठलाय तुझ्या. तू पण ना, अगदी बाबांसारखी हट्टी झालीस."

सांगणार काय? मी तुझ्या बापाच्या हाताशी गप्पा मारते? पोरीने दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. लेकीने माप घेतलं, काचवाल्याला फोन केला आणि निघून गेली. काचवाला ओळखीचाच होता, पूर्वी मास्तरच्या हाताखाली उमेदवारी केलेला.

तो आला तोही नेमका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी. नवी काच पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आणि हातमोजे चढवले. खिडकीत पंजा लख्ख उमटलेला होता. तिने चहा दिला. चहा झाल्यावर बिस्किटं दिली. बिस्किटं संपल्यावर पुन्हा चहाचं विचारलं.

"वहिनी, आता पुरे. मला अजून दोन घरी जायचंय."

"ही जुनी काच मला ठेवता येईल का? कपाटामागे ठेवीन."

"ठेवा की. पण कशाला? घरात उबेला राहिली की धुकंसुद्धा धरणार नाही. साधी काच होईल."

म्हणजे पंजा गेला. तिने मान हलवली. माणूस गेला तिथे काचेचं काय घेऊन बसायचं, असं तिने मनाला बजावलं, पण मन काही ऐकेना.

त्याने काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या एकेक करून उकलल्या. वरची सुटली तशी काच आत कलली. "वहिनी, हात द्या जरा, ओणवी होतेय."

ती सवयीने फडकं घेऊन पुढे झाली. "फडकं नको, घसरेल. उघडा हात लावा. डावा, इकडून."

तिने डावा हात टेकवला आणि तो नेमका पंजावर बसला.

अंगठ्यावर अंगठा. तळव्यावर तळवा. तीन बोटांवर तीन बोटं. तिची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती, तेव्हापासून ती वाकडीच, सपाट जागेवर कधी टेकायची नाही. आतल्या हातालाही करंगळी नव्हती.

"वहिनी? जड होतेय का?"

"हा माझा हात आहे," ती म्हणाली.

आणि तिला आठवलं. हे घर बांधून होत आलं होतं, मास्तर आपल्याच घराच्या काचा करत होता आणि डबा विसरून गेला होता. ती डबा घेऊन कारखान्यात गेली. फरशी ओली. तिचा पाय सटकला, उजव्या हातातला डबा वाचवला आणि डावा हात थाडकन नुकत्याच धुतलेल्या काचेवर. सगळे मास्तरकडे बघायला लागले. तीही "बोट" ऐकायची वाट बघत उभी. मास्तरने काचेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, डबा घेतला आणि म्हणाला, "भाजी सांडली नाही ना?" बस्स. संध्याकाळभर तिने धास्ती घेतली होती, चारचौघांत लाज आणली म्हणून याने तोंडच बंद केलं असं वाटून.

काचवाल्याने काच कडेला रेलवून धरली आणि नीट निरखून पाहिली. "ती काच होय ही. मी होतो की तिथे. मी पुसायला फडकं उचललं, तर म्हणाले, ठेव ते, माझ्या घरची आहे, मी बघतो." त्याने हातमोज्याने काचेची कड चाचपली. "आमच्याकडून एक काच सात सात वेळा धुऊन घ्यायचे ते. त्यांच्या नजरेतून अख्खा पंजा सुटेल होय?"

ती मटकन खुर्चीत बसली. "एवढी वर्षं या खिडकीत बसलो आम्ही दोघं. एकदा सांगायला काय झालं होतं त्यांना?"

काचवाल्याने काच हलू नये म्हणून खाली एक पट्टी सरकवली.

"आणि मी बावळट, हिवाळाभर त्यांच्याशी बोलतेय समजून माझ्याच हाताशी बोलत बसले." तिने पदराने डोळे पुसले. "हीच परत बसवा."

"वहिनी, धुकं वाढतच जाणार. चार-दोन हिवाळ्यांत सगळी पांढरी पडेल, मग हातही दिसणार नाही."

"तोवर राहू दे. तोवर मी तरी कुठे टिकतेय."

"लेकीला काय सांगू?"

"माप चुकलं म्हणून सांगा."

"माप चुकलं? मास्तर वरून शिव्या घालतील मला." पण त्याने पट्ट्या पुन्हा ठोकल्या आणि नवी काच उचलून घेऊन गेला. जिन्यातली त्याची पावलं ऐकू यायची थांबली आणि घर होतं तसं झालं.

ती खिडकीशी उभी राहिली. फडकं खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवलं. मग डावा हात उचलला आणि मुद्दाम, जाणूनबुजून, स्वच्छ पुसलेल्या काचेवर आतल्या पंजाशेजारी पुरा दाबून ठेवला. काच गार होती. हात काढला तर ठसा उमटलेला. मागून कुणी काही म्हणतंय का, याची तिने बराच वेळ वाट पाहिली.

कुणी "बोट" म्हणालं नाही. काचेवर दोन हात होते, एक आतला, एक बाहेरचा, आणि दोन्ही तिचेच.