एका दोरीला दोन बोटी

मित्रांनो, प्रवाळावर तरंगणारा हा नारिंगी, ओरखडलेला बोया म्हणजे मी. माझे डोके तेवढे पाण्यावर दिसते. बाकी सगळे अंग म्हणजे दोरी, आणि पाय म्हणजे खडकात सिमेंटने बसवलेला लोखंडी खुंटा.

मी येण्यापूर्वी उटिला बेटावरच्या बोटी इथे सरळ नांगर टाकत. नांगर घसरला की शेकडो वर्षे वाढलेले प्रवाळ एका झटक्यात भुगा होई. पाणबुडेगिरी शिकवणाऱ्या डेल्सीने खडकाला भोक पाडून मला इथे रोवले. बोट माझ्या डोक्याला बांधायची आणि नवशिक्यांनी माझी दोरी धरून हळूहळू खाली उतरायचे. पाणी उथळ, तळाशी पांढरी वाळू. पुष्कळांची पहिली भीती मी माझ्या अंगावर थरथरताना अनुभवली आहे.

त्या सकाळी डेल्सीच्या खाणावळीची आचारीण रोझेला प्रथमच उतरणार होती. जन्म बेटावर गेला, पण पाण्याखाली तिने कधी डोके घातले नव्हते. तेवढ्यात सिमेंटची पोती भरलेली बोट घेऊन कप्तान थर्लो आला. इथल्या रिवाजाप्रमाणे त्याने आपली बोट डेल्सीच्या बोटीमागे बांधली.

"सोड ती," डेल्सी म्हणाली. "खालचा खुंटा एकाच बोटीपुरता आहे."

"इंजिन तापलंय. गार झालं की निघतो. आणि मिस रोझेला, तुम्ही खाली जाऊन काय रांधणार?"

"तुझी जीभ, कप्तान. अख्ख्या गावाला पुरेल."

डेल्सी हसली, आणि तिने हट्ट सोडला. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून दोघी माझ्या दोरीने खाली उतरल्या.

दोघी वर येऊ लागल्या तेव्हा उत्तरेचा वारा सुटला होता. लाटा उठल्या. दोन्ही बोटी मला ओढत, सैल सोडत, पुन्हा ओढत. डेल्सीने ठरल्याप्रमाणे मध्ये थांबण्याची खूण केली. रोझेला घाबरली. लहानपणापासून गळाची दोरी तळहाताला गुंडाळून मासे धरणारी ती. तिने मलाही तसेच हाताला गुंडाळले.

पुढच्या लाटेने मी ताणला गेलो. माझा विळखा तिच्या बोटांत रुतला. हाडे मोडली ते मला कळले. पाण्यात रक्ताचा ढग पसरला. वेदनेने तिने श्वास कोंडला, आणि मी तिला वर खेचू लागलो. डेल्सी झेपावली आणि तिने रोझेलाच्या पोटात ठोसा मारला. पुन्हा मारला. तोंडातून बुडबुड्यांचा लोट सुटला. मग डेल्सीने सुरी काढली, पण ती थांबली. मला कापले असते तर दोन्ही बोटी खडकावर गेल्या असत्या, आणि वर थर्लो होता.

थर्लोने पाण्यात लाल रंग पाहिला. त्याचे इंजिन खोकत होते, चालू होत नव्हते. कोयता घेऊन त्याने स्वतःच्या बोटीची दोरी तोडली. मी सैल पडलो, आणि डेल्सीने हात सोडवला. थर्लोची बोट मात्र उथळ प्रवाळावर आदळली, उचलली गेली, पुन्हा आदळली आणि फुटली. प्रवाळांचा चुरा आणि सिमेंट एकत्रच तळाला गेले. तो खरचटलेल्या छातीने पोहत डेल्सीच्या बोटीवर चढला.

"पोटात का मारलंस गं पोरी?" रोझेलाने विचारले.

"श्वास धरलात. वर येताना आतली हवा फुगते; धरलेला श्वास छाती फाडतो."

रोझेलाने फडक्यात बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि थर्लोकडे पाहिले.

"कप्तान, झालं का इंजिन गार?"

त्याने तिच्या हाताखाली स्वतःचा हात धरला आणि किनारा येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

रोझेलाची दोन बोटे गेली. थर्लोकडे आता बोट नाही. त्या जागी सिमेंट दगडासारखे घट्ट झाले आहे आणि त्याखालचे प्रवाळ मेले आहे. माझा खुंटाही हलतो. तो कोणीतरी तपासायला हवा.

मित्रांनो, माझ्यासारख्याला एकच बोट बांधा, मग मागून येणारा कितीही ओळखीचा असो. आणि खाली उतरताना दोरी हाताला गुंडाळू नका, मुठीत धरा. मूठ उघडता येते.