चौदा आणि पाच

पवनीजवळच्या एका गावात क्षयरोगाचं सर्वेक्षण आटोपलं आणि कुजबुज सुरू झाली, "रोग बौद्ध मोहल्ल्यातूनच येऊन राहिला!" चहावाल्यानं त्या मोहल्ल्यातल्या गिऱ्हाइकांचे कपही वेगळे काढले. सर्वेक्षण करणाऱ्या डॉक्टर वीरेंद्र यांनाही ते पटलं होतं. मोहल्ल्यात चौदा रुग्ण, उरलेल्या गावात पाच. ग्रामसभेत हेच सांगायचं त्यांनी ठरवलं.

त्यांची सहकारी मनाली म्हणाली, "सर, हे आकडे फसवे आहेत. मी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहून तपासले. फरक काहीच नाही."

वीरेंद्रांच्या मनात पाल चुकचुकली. मनाली त्याच मोहल्ल्यातली! "तू आपल्या लोकांची बाजू घेऊन राहिली," ते तुटकपणे म्हणाले.

मनालीचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "मग माझ्यावर भरवसा नका ठेवू. प्रोग्राम शिका अन् तुम्हीच चालवून पाहा. त्यातली ओळ न ओळ वाचता येते. खोट असेल तर दिसेलच."

तिची लबाडी पकडायची म्हणूनच ते शिकायला बसले. आधी साध्या बेरजा, मग टक्केवारी, मग दोन गटांची तुलना. तिनं काही नावं गाळली तर नसतील? संशय जाईना. शेवटी सगळी माहिती त्यांनी स्वतः भरली, प्रोग्राम स्वतः लिहिला. उत्तर आलं, मोहल्ल्यात पाच टक्के, गावातही पाच टक्के!

"असं कसं?"

"मोहल्ल्यात दोनशे ऐंशी जण तपासले, गावात फक्त शंभर. जिथं जास्त शोधलं, तिथं जास्त सापडलं. तपासणीचं शिबिर मोहल्ल्यात लावायचं कोणी ठरवलं होतं, सर?"

वीरेंद्रांना आठवलं. त्यांनीच! रोग तिथंच असणार, असं आधीच धरून!

ग्रामसभेत त्यांनी खरी टक्केवारी मांडली आणि उरलेल्या गावाची तपासणी जाहीर केली. सरपंच परसराम ताडकन उठले. "काहून? आमच्यावर शक घेता का, डॉक्टरसाहेब?"

"शक रोगावर आहे, भाऊ. माणसांवर घेतला होता, ती माझी चूक. सगळ्यांसमोर मनालीची माफी मागतो."

परसराम हळूच म्हणाले, "तपासणीले माझं नाव पहिलं लिहा."

बंधू-भगिनींनो, शंका जरूर घ्यावी, पण सुरुवात आपल्याच मनापासून करावी. अमक्या वस्तीत इतके आजारी, असं कोणी सांगितलं, की मान डोलावण्याआधी एवढंच विचारा, "तपासलेल्या किती जणांपैकी?"